घोंगडीची खोळ ४८ पिक्सेलमध्ये: चाहत्यांच्या फँटसी खेळासाठी पात्र कसे रेखाटावे

आवडत्या फँटसी रोल-प्लेइंग, म्हणजे संगणकावर पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, खेळाच्या जगात स्वतःची कथा रचून चाहते जेव्हा नवा खेळ तयार करतात, तेव्हा चित्रकाराकडे पहिली मागणी येते ती पात्रांची. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत बसून असे काम करणाऱ्याच्या हातूनही बहुधा पोलादी चिलखत, लांब झगा आणि निमुळते कान हेच कागदावर उतरते, कारण पाहण्यात तेच आलेले असते. वास्तविक मूळ खेळाची शिस्त न मोडता आपल्या भागातील वेश आणि वस्तू पात्रात आणता येतात. अट एवढीच, की त्या पडद्यावरच्या इवल्याशा चौकोनातही ओळखू आल्या पाहिजेत. पुढील विवेचनासाठी यल्लू नावाची एक काल्पनिक टेहळणी करणारी स्त्री घेऊ. ती खानापूरच्या पश्चिमेकडील पावसाळी रानासारख्या प्रदेशात राहते, वाटा ओळखते आणि लढाईत शत्रूला दुरून हेरते.

रेखाटनाआधी मूळ खेळाची चित्रे मोजून घ्यावीत. पात्राची उंची किती डोक्यांएवढी आहे, बाह्यरेषा काळी आहे की रंगाचीच गडद छटा आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो आणि एका वस्तूला किती छटा दिल्या आहेत, हे लिहून ठेवावे. मूळ पात्रे अडीच डोकी उंच असतील आणि आपली यल्लू सहा डोकी उंच झाली, तर चित्र कितीही सुंदर असले तरी ती त्या जगात परकीच दिसेल. मात्र मोजणे वेगळे आणि गिरवणे वेगळे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचे रूपांतर करण्याचा हक्कही मूळ हक्कधारकाकडेच असतो. खेळ फुकट वाटला म्हणजे सगळे माफ होते, हा समज चुकीचा आहे. शैलीची शिस्त घ्यावी, पण मूळ चित्राचे तुकडे कापून जोडू नयेत.

त्यानंतर पात्राची माहिती अर्ध्या पानात लिहावी आणि ती कथा लिहिणाऱ्या सहकाऱ्याकडून मंजूर करून घ्यावी. पात्र लढाईत काय करते, कोणत्या हाताने करते आणि घोळक्यात ते कशावरून ओळखायचे, एवढे त्यात पुरते. पात्राच्या आजोबांचा इतिहास चित्रकाराच्या फारसा उपयोगाचा नसतो.

आता मुख्य काम, म्हणजे छायाकृती. पात्राचा आकार आतील कोणताही तपशील न दाखवता सपाट काळ्या रंगात भरावा आणि तो ४८ पिक्सेल उंचीपर्यंत लहान करून पाहावा. यल्लूसाठी घोंगडीची खोळ निवडण्याचे कारण येथेच आहे. घोंगडीची एक बाजू दुमडून डोक्यावर घेतली, की वर टोक येते आणि खाली खांद्यांपासून पाठीपर्यंत कापड सुटते. असा त्रिकोणी आकार झगेवाल्या जादूगारांच्या गर्दीतही चटकन वेगळा दिसतो. उलट, पायातील कोल्हापुरी चपलेवर वेळ घालवू नये. २०१९ मध्ये तिला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे आहेत, त्यामुळे तिच्यावरचा आपला हक्क पक्का आहे. तरीही लहान चित्रात तिचे कान आणि वेणी मिळून दोन तपकिरी ठिपके उरतात. तिची हौस पूर्णाकृती चित्रात भागवावी.

घोंगडीखाली यल्लूला इरकल लुगडे नेसवावे, आणि तेही काष्टा घालून. यामागे परंपरेइतकेच चलनाचे कारण आहे. गोल नेसलेल्या साडीत पाय झाकले जातात, त्यामुळे चालण्याच्या चित्रांत पात्र जमिनीवरून घसरत असल्यासारखे दिसते. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात आणि पाऊल पडल्याचे कळते. इरकलीच्या लाल पदरावर पांढऱ्या धाग्याने विणलेले कंगव्याच्या दातांसारखे किंवा किल्ल्याच्या तटासारखे नक्षीकाम असते. पूर्णाकृती चित्रात ते सगळे काढावे. चेहऱ्याच्या १४४ पिक्सेलच्या चित्रात खांद्यावर तीन-चार दात पुरे होतात. चालत्या चित्रात लाल पट्टी आणि तिच्या कडेला दोन पांढरे पिक्सेल एवढेच ठेवावे. तेवढ्यावरूनही ओळख पटते, कारण नजरेने तो पदर मोठ्या चित्रात आधीच पाहिलेला असतो. हा तपशील छायाचित्रांवरून घेण्यापेक्षा घरातील एखादे जुने लुगडे उन्हात पसरून त्यावरून काढलेला बरा. कापड कुठे जड पडते आणि घडी कुठे मोडते, हे छायाचित्रात नीट कळत नाही.

शस्त्र निवडताना त्याची हालचाल आधी समजून घ्यावी. यल्लूच्या कमरेला कोयता शोभतो. तिच्या गटातील रक्षकाला दांडपट्टा द्यायचा असेल, तर त्या शस्त्राची मूठ कोपराच्या दिशेने हात झाकणारी असते आणि त्यामुळे मनगट वळत नाही, हे लक्षात ठेवावे. तलवारबाजाचे मनगटी वार दांडपट्टेवाल्याला दिले, तर जाणकाराला ते लगेच खटकते. त्याचा प्रत्येक वार खांद्यातून निघाला पाहिजे. जादूगाराच्या काठीसाठी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराचे खांब जाऊन पाहावेत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ मध्ये, त्याचा मंत्री बीचिराज याने ती बांधली. तेथील खांबांवर चरकावर घडवल्यासारखी एकाखाली एक कडी आहेत. अशी कडी काठीवर आणायची झाल्यास लहान चित्रात उजळ आणि गडद पिक्सेल आलटून पालटून ठेवले की काम भागते.

रंगांबाबत घोंगडी थोडा त्रास देते. काळी घोंगडी रानाच्या गडद पार्श्वभूमीवर पूर्णपणे हरवून जाते. म्हणून ती निव्वळ काळी न ठेवता निळसर करडी करावी आणि कडेची पांढरी किनार मुद्दाम एक पिक्सेल जाड ठेवावी. संपूर्ण पात्रासाठी बारा ते सोळा रंग पुरतात. रंग ठरल्यावर चित्र एकदा कृष्णधवल करून पाहावे. चेहरा, पदर आणि घोंगडी या तिघांची उजळता तेव्हाही वेगवेगळी दिसत नसेल, तर रंगछटा बदलून उपयोग नाही, फिकेपणाच बदलावा लागतो. खानापूरकडील तांबडी माती आणि पूर्वेकडील काळी रानमाती अशा दोन्ही पार्श्वभूमींवर पात्र ठेवून पाहणे उत्तम.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. खेळातील टोळ्यांच्या निशाणांसाठी लाल-पिवळी किंवा भगवी जोडी वापरू नये. बेळगावच्या सीमावादात लाल-पिवळा हा कन्नड बाजूचा आणि भगवा हा मराठी बाजूचा झेंडा मानला जातो, त्यामुळे येथे राहणाऱ्याला याचे कारण समजावून सांगायची गरज नाही. खेळाची चर्चा बाजूला पडून भलतेच काही सुरू होते. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा, जोगतिणींच्या डोक्यावरचा जग (देवीची मूर्ती असलेली टोपली) किंवा हलशीच्या मंदिरातील मूर्ती यांचेही राक्षस अथवा शक्तिवर्धक वस्तू करू नयेत. लोकांची श्रद्धा हे खेळाचे साहित्य नव्हे.

प्रत्यक्ष फाइल तयार करण्यासाठी क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. लहान चित्रासाठी कडा मऊ न करणारा पिक्सेल ब्रश घ्यावा आणि आकार बदलताना ‘निअरेस्ट नेबर’ हा पर्याय निवडावा, अन्यथा कडा धुरकट होतात. आरपीजी मेकर एमव्ही या खेळ तयार करण्याच्या सॉफ्टवेअरसाठी काम असेल, तर एका पात्राच्या चित्रतक्त्यात, म्हणजे त्याच्या चालीची सगळी चित्रे असलेल्या फाइलमध्ये, तीन स्तंभ आणि चार ओळी असतात. वरून खाली क्रमाने समोर, डावीकडे, उजवीकडे आणि पाठमोरे असे तोंड असते, आणि मधल्या स्तंभात उभी स्थिती असते. चौकोन ४८ पिक्सेलचा धरला, तर पूर्ण चित्रतक्ता १४४ बाय १९२ पिक्सेलचा होतो. फाइलच्या नावाच्या आरंभी डॉलरचे चिन्ह दिले, की त्या फाइलमध्ये एकच पात्र आहे असे धरले जाते आणि चौकोनाचा आकार फाइलच्या मापावरून ठरतो. त्यामुळे खोळीच्या टोकासाठी प्रत्येक चौकोनाची उंची ५६ पिक्सेल करून १४४ बाय २२४ ची फाइल देता येते, टोक कापावे लागत नाही.

याच टप्प्यावर आळस नडतो. डावीकडचे चित्र आरशाप्रमाणे उलटवून उजवीकडचे करण्याचा मोह होतो, कारण त्यात निम्मे काम वाचते. सममित चिलखताला ते चालते. यल्लूचा पदर मात्र डाव्या खांद्यावर आहे, आणि उलटवल्यावर तो उजव्या खांद्यावर जातो. कोयताही कमरेच्या दुसऱ्या बाजूला जातो. पात्र वळताच पदर खांदा बदलतो, हे मराठी घरातील कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. म्हणून उजवीकडची ओळ स्वतंत्र काढावी, आणि त्याआधी समोरचे, बाजूचे व पाठमोरे अशी तीन मोठी चित्रे एकाच रेषेत करून घ्यावीत.

चेहऱ्याच्या चित्रांचे काम तुलनेने सोपे आहे. एका फाइलमध्ये चार-चारच्या दोन ओळींत आठ चेहरे, म्हणजे ५७६ बाय २८८ पिक्सेल. खोळीमुळे यल्लूचे कपाळ झाकले जाते, म्हणून भाव भुवयांऐवजी डोळ्यांत आणि ओठांत दाखवावे लागतात. रागाच्या चित्रात खोळ थोडी मागे सरकवावी.

काम सोपवताना पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल आणि थरांसह मूळ फाइल अशा दोन्ही द्याव्यात. थरांना ‘घोंगडी’, ‘पदर’, ‘कोयता’ अशी नावे असावीत. सोबत रंगांची यादी, आणि चित्रे दुसऱ्या कोणी वापरली तर चालेल की नाही हे सांगणारा परवाना लेखी द्यावा. श्रेयनामावलीत आपले नाव कोणत्या लिपींत यावे, तेही तेव्हाच कळवावे. आपल्याकडे मराठी आणि कन्नड दोन्हींत दिलेले बरे.