जलसंपृक्त लाकडाचे पर्यावरणस्नेही संवर्धन : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात राहून जलसंपृक्त, म्हणजे दीर्घकाळ पाण्यात किंवा ओल्या गाळात राहून पाण्याने भरलेल्या, पुरातत्त्वीय लाकडाचे संवर्धन शिकतो, असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो. जिथे चैत्रातच टँकरची वाट पाहावी लागते, तिथे भिजलेले लाकूड येणार कुठून? सरावापुरते मात्र ते इथेच मिळते. उन्हाळ्यात जुन्या विहिरींचा गाळ उपसताना मोटेच्या काळातील मोडक्या लाकडांचे तुकडे वर येतात. त्यांपैकी कोरीव किंवा प्राचीन वाटणारा तुकडा पुरातत्त्व विभागाला कळवावा आणि निरुपयोगी असेल त्यावरच हात बसवावा.

असा तुकडा वरून शाबूत दिसतो, पण टाचणी लावली की ती लोण्यात शिरावी तशी आत जाते. गाळात प्राणवायू जवळजवळ नसल्याने बुरशीला वाव मिळत नाही; मात्र जिवाणू पेशीभित्तिकेतील सेल्युलोज हे तंतुमय द्रव्य हळूहळू संपवतात, लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनचा सांगाडा तेवढा उरतो आणि मोकळ्या झालेल्या जागेतील पाणीच लाकडाचा आकार धरून ठेवते. ते उन्हात सुकवले तर पाण्याचा पृष्ठताण पेशींना आत ओढतो आणि मग आकसलेले लाकूड पुन्हा भिजवूनही पूर्ववत होत नाही. म्हणून उपचार ठरेपर्यंत ते पाण्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे.

त्यानंतर वजनकाटा. छोट्या नमुन्याचे ओले वजन १० ग्रॅम आणि १०५ अंश सेल्सिअसला पूर्ण सुकवल्यावर २ ग्रॅम भरले, तर पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या ४०० टक्के होते. त्यापुढील लाकूड अत्यंत जीर्ण, १८५ टक्क्यांखालील बरेच सुस्थितीत मानतात. हा आकडा काढल्याशिवाय रसायनाचे नावही घेऊ नये, असे माझे मत आहे.

रूढ उपाय पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे लाकडातील पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या द्रव्याचा. १६२८ मध्ये बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले स्वीडनचे वासा जहाज त्याच्या १७ वर्षांच्या फवारणीने टिकले. हे द्रव्य विषारी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आक्षेप आहे तो खनिज तेलावरील अवलंबनावर आणि मोठ्या टाक्या वर्षानुवर्षे चालवण्यासाठी लागणाऱ्या पाण्या-विजेवर. पर्यावरणस्नेही पद्धत निवडताना आपल्याकडे हाच हिशेब आधी मांडावा लागतो.

पर्यायांत मला ट्रेहॅलोज ही स्टार्चपासून बनणारी शर्करा सर्वांत व्यवहार्य वाटते. जपानमध्ये ताकाशिमाजवळ सापडलेल्या, १२८१ च्या मंगोल आक्रमणातील जहाजांच्या लाकडासाठी ती वापरली गेली. कोमट द्रावणाची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि लाकूड बाहेर काढून वारा देत थंड करतात, तेव्हा आत स्फटिक होऊन पेशींना आधार मिळतो. आपल्या उसाच्या मुलखात ‘मग साधी साखरच का नको?’ हा प्रश्न हमखास येतो. ती स्वस्त आहे आणि पूर्वी वापरलीही गेली आहे, पण तिचे द्रावण आंबते, मुंग्या येतात आणि दमट हवेत लाकूड चिकट होते. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे द्रव्य) व लिग्निनजन्य द्रव्यांवर संशोधन चालू आहे. नवख्याने त्यांविषयी वाचावे, ती वापरण्याची घाई करू नये.

शिक्षणासाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वाचा पाया घालता येतो, तर संवर्धनविज्ञानासाठी लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशालेच्या प्रशिक्षणांवर लक्ष ठेवावे. केरळातील पट्टणम येथे उत्खननात निघालेल्या लाकडी होडीविषयीचे लेखनही वाचावे, म्हणजे भारतीय हवामानात अडचणी कुठे येतात ते ध्यानात येईल. घरच्या सरावात बोअरचे जड पाणी टाळून ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्यावे आणि स्फटिकीकरणाचे काम मार्गशीर्ष-पौषाच्या कोरड्या थंडीत काढावे. उरलेले द्रावण गाळून पुढच्या तुकड्यासाठी वापरता येते.