परदेशातून कॅमेरा आणायचाय? पुण्यात पोहोचेपर्यंतचा हिशेब आधी मांडा

पुण्यात कॅमेरा घ्यायचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “तिकडून मागव ना, स्वस्त पडेल.” कोणाचा भाऊ कॅलिफोर्नियात असतो, कोणाची मैत्रीण दुबईला निघालेली असते, कोणाचे आई-बाबा नातवंडांपाशी राहून परतणार असतात. सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण नुसती तिकडची किंमत रुपयांत बदलून निर्णय घेतला तर गणित फसतं. माझं मत आधीच सांगते: लेन्स, फिल्टर, जुन्या पण चांगल्या वस्तू बाहेरून जरूर आणा; नवी महागडी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बहुतेकांनी इथेच घ्यावी. का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा: घरी पोहोचल्यावरची किंमत काढा

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून इथे घाई करू नका. परदेशातून येताना प्रत्येक प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंतच्या वस्तू कस्टम ड्युटीशिवाय आणता येतात. 2016 च्या बॅगेज नियमांत भारतीय रहिवाशांसाठी ही रक्कम 50,000 रुपये ठरवली होती. ती सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून तिकीट काढलं की सीबीआयसीच्या (कस्टम्सचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या) संकेतस्थळावर त्या दिवशीची मर्यादा पाहून घ्या. मर्यादेच्या वरच्या रकमेवर 35 टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के सरचार्ज, म्हणजे एकूण 38.5 टक्के, असा दर बरीच वर्षं राहिला आहे.

उदाहरणापुरती मर्यादा 50,000 धरू. कॅमेरा तिकडे 1,80,000 रुपयांना पडला. उरलेल्या 1,30,000 वर ड्युटी झाली 50,050. आता कार्ड. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 7,434 रुपये. एकूण 2,37,484. तोच कॅमेरा पुण्यातल्या दुकानात 2,20,000 ला बिल आणि वॉरंटीसकट मिळत असेल, तर प्रश्नच मिटला. उलट 45,000 ची एखादी प्राइम (झूम न होणारी) लेन्स मर्यादेत बसते आणि किमतीतला सगळा फरक तुमच्या खिशात राहतो.

दोन गोष्टी लोक विसरतात. ही मर्यादा फक्त कॅमेऱ्यासाठी नसते. त्याच प्रवासात घेतलेलं घड्याळ, परफ्यूम, भाच्यासाठीचा टॅबलेट, सगळं त्यातच मोजलं जातं. आणि दोघांची मर्यादा एकत्र करून एक वस्तू आणता येत नाही. “आम्ही दोघं आहोत, म्हणजे दुप्पट” हे काउंटरवर चालत नाही.

लग्नाची कामं घेणाऱ्या आणि जीएसटी नोंदणी असलेल्या फोटोग्राफरसाठी तर इथली खरेदी आणखी फायद्याची आहे. भारतात कॅमेऱ्यावर 18 टक्के जीएसटी आहे आणि धंद्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यावर तो इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून, वळता करता येतो. सामानातून आणलेल्या कॅमेऱ्यावर भरलेली ड्युटी अशी वळती होत नाही. आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

दुसरा टप्पा: देश कोणता

अमेरिकेत लेबलवर दिसते ती करापूर्वीची किंमत. बिल करताना त्यावर राज्याचा सेल्स टॅक्स चढतो. न्यूयॉर्क शहरात तो 8.875 टक्के आहे, ओरेगॉन आणि डेलावेअरमध्ये शून्य. पर्यटकाला तो परत मिळण्याची देशव्यापी सोय नाही. जपानमध्ये 10 टक्के उपभोग कर आहे आणि पर्यटकाला तो माफ होतो, पण मूळ पासपोर्ट जवळ हवा. तिथे आतापर्यंत दुकानातच कर वजा व्हायचा. 1 नोव्हेंबर 2026 पासून आधी पूर्ण पैसे भरून निघताना परतावा घ्यायची पद्धत ठरली आहे. सिंगापूरला जीएसटी 9 टक्के, दुबईत व्हॅट 5 टक्के, आणि दोन्हीकडे विमानतळावर परतावा मिळतो. लंडनहून आणणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, 2021 पासून तिथली पर्यटकांसाठीची व्हॅट परताव्याची सोय बंद आहे.

परताव्याच्या काउंटरवर वस्तू दाखवायला सांगू शकतात. म्हणून कॅमेरा चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. तसाही तो तिथे ठेवायचा नसतोच. आणि कार्ड मशीनवर “रुपयांत भरणार का?” असं विचारलं तर तिथलंच चलन निवडा. रुपयांचा पर्याय दिसायला सोयीचा असतो, पण त्यातला दर हमखास महाग पडतो.

तिसरा टप्पा: तो कॅमेरा इथे नीट चालेल का

जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो आणि तो सेटिंगमधून बदलता येत नाही. बाकी कंपन्यांचं मॉडेलनुसार वेगळं असतं. दुकानात कॅमेरा सुरू करून भाषांच्या यादीत इंग्रजी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी पुढची गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडे वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आहे. अमेरिकेत 60 हर्ट्झ. 50 हर्ट्झवरचे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. मंगल कार्यालयात स्टेजच्या एलईडी पट्ट्यांखाली तुम्ही सेकंदाला 60 फ्रेमवर, 1/60 किंवा 1/125 सेकंदाच्या शटरने चित्रीकरण केलंत की नवरीच्या शालूवरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मेनूतून एनटीएससीचं (60 हर्ट्झसाठीची व्हिडिओ पद्धत) पाल (50 हर्ट्झसाठीची) करता येतं आणि मग 25 किंवा 50 फ्रेम मिळतात. काही जुन्या मॉडेलांत हा बदल बंद केलेला असतो. अशा कॅमेऱ्यावर 30 फ्रेम ठेवून शटर 1/50 किंवा 1/100 केलं तर बरंच निभावतं, पण दुसऱ्या कॅमेऱ्याच्या 25 फ्रेमशी एडिटिंगमध्ये जुळवताना डोकं उठतं. युरोपातून जुना कॅमेरा घेत असाल तर सलग रेकॉर्डिंगची मर्यादा विचारा. तिथल्या करामुळे कित्येक मॉडेलं 29 मिनिटं 59 सेकंदांवर थांबायची. संवाद मेळाव्याचं किंवा गाण्याच्या बैठकीचं चित्रीकरण करणाऱ्याला हे परवडत नाही.

चार्जरची काळजी नको. त्यावर “100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ” छापलेलं असलं की झालं. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत आपल्या पिनची वायर स्वस्तात मिळते. स्टुडिओ लाइटचं तसं नाही. फक्त 100 किंवा 120 व्होल्टसाठी बनलेला फ्लॅश इथल्या प्लगमध्ये लावला तर जळतो, आणि पिन बदलणारं अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. रेडिओ ट्रिगर (कॅमेऱ्यावरून दूरचा फ्लॅश चालवणारं उपकरण) घेताना 2.4 गिगाहर्ट्झचाच घ्या. पॉकेटविझार्डसारख्या ट्रिगरच्या अमेरिकी आणि युरोपी आवृत्त्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

चौथा टप्पा: वॉरंटी

कॅमेऱ्याची वॉरंटी बहुधा ज्या देशात विकला त्या देशापुरती असते. “इंटरनॅशनल वॉरंटी” हे शब्द दुकानदाराच्या तोंडी नकोत, कंपनीच्या कार्डावर हवेत. त्यावर भारत येतो का, हे कंपनीच्या इथल्या सर्व्हिस सेंटरला आधीच मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरची बाहेरून आणलेली बॉडी ऐन लग्नसराईत बंद पडली. दुरुस्ती पैसे भरून झाली, पण सुट्या भागाची वाट पाहण्यात मोसम गेला आणि तेवढे दिवस भाड्याचा कॅमेरा वापरावा लागला. बॉडी इथे घ्या, असं मी म्हणते ते यासाठीच: बॉडीत शटर, सेन्सर, सर्किट असं बिघडण्याजोगं फार काही असतं. साध्या प्राइम लेन्सला त्या मानाने दुरुस्ती कमी लागते.

पाचवा टप्पा: दुकानातली अर्ध्या तासाची तपासणी

पर्यटकांच्या गर्दीतल्या दुकानांत एक जुनी चाल असते: किंमत कमी सांगायची आणि खोक्यातला चार्जर, बॅटरी वेगळी विकायची. म्हणून खोकं समोर उघडायला लावा. खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, ते वाचून पाहा. मग लेन्सवर झाकण ठेवून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 1600 ला दोन-तीन सेकंदांचा एक काळा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यांपर्यंत फिरवा. काळ्यात लाल-निळे पक्के ठिपके दिसले तर दुसरा पीस मागा. घरी आल्यावर कॅमेरा बदलून मिळत नाही.

वापरलेली लेन्स असेल तर ती मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आरपार पाहा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडा. आपल्या पावसाळ्यात ती वाढतच जाते.

सहावा टप्पा: विमान

सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनच्या बॅगेत, टोकांवर टेप लावून किंवा प्लास्टिकच्या डबीत. 100 वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी 20 च्या आतच असते. ड्रोन मात्र आणूच नका. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, आणि विमानतळावर तो हातातून जातो.

सातवा टप्पा: कस्टम्स

“खोकं फेकून दे, कॅमेरा गळ्यात अडकव, कोणी विचारत नाही” हा सल्ला तुम्हाला मिळेलच. ऐकू नका. पकडलं गेल्यावर ड्युटीशिवाय दंड होतो, वस्तू जप्तही होऊ शकते, आणि खोकं-बिल नसल्याने किंमत सिद्ध करायला तुमच्या हातात काहीच उरत नाही. मर्यादेपेक्षा जास्त माल असेल तर सीबीआयसीच्या “अतिथी” ॲपवर आधीच घोषणा करा, मुंबईत उतरा नाहीतर लोहगावला, सरळ रेड चॅनेलला (ड्युटी लागणारा माल असणाऱ्यांच्या रांगेला) जा, बिल दाखवा, ड्युटी भरा आणि पावती कॅमेऱ्याच्या खोक्यात ठेवा. पुढे कॅमेरा विकताना हीच पावती चांगली किंमत मिळवून देते. आई-बाबांच्या हाती पाठवत असाल तर बिलाची छापील प्रत त्यांच्या पर्समध्ये द्या आणि वस्तूचं नाव, किंमत त्यांना नीट समजावून सांगा. काउंटरवर उत्तर त्यांना द्यायचं असतं, तुम्हाला नाही.

आणि हाच कॅमेरा पुढच्या वेळी सहलीला बाहेर नेणार असाल, तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून सीरियल नंबरसह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना तो नवीन खरेदी धरला जात नाही. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा, आणि कॅमेरा, लेन्स, बिलं हातातल्या बॅगेत वरच ठेवा.