ओट्स-बटरस्कॉच कुकीज, बटरस्कॉचसुद्धा घरचंच

बटरस्कॉच चिप्सचं पाकीट उलटं करून वाचा. बहुतेकदा साखर, पाम तेल आणि इसेन्स. बटर असलंच तर नावाला. घरी प्रालिन (साखर वितळवून त्यात काजू घातलेली, चिक्कीसारखी) करायला पाव तास पुरतो आणि कुकीची निम्मी मजा त्यातच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

जाड बुडाच्या कढईत १०० ग्रॅम साखर मंद आचेवर ठेवा. पाणी नाही, चमचाही नाही. कडेची साखर विरघळू लागली की कढईच हलवत राहा. सगळी वितळून तांबूस झाली की लगेच गॅस बंद. थोडा रंग अजून येऊ दे, हा मोह टाळा. कढई तापलेली असते, त्यात साखर पुढेही शिजते आणि कडू होते. आता एक मोठा चमचा बटर (उसळेल, तोंड लांब ठेवा), मूठभर काजूचे तुकडे, एकदा ढवळून तूप लावलेल्या ताटात ओता. पोरांना ओट्याजवळ फिरकू देऊ नका, हा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. गार झालं की फडक्यात गुंडाळून बत्त्याने ठेचा. तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे हवेत. मोठे राहिले तर ओव्हनमध्ये वितळून ट्रेभर पसरतात. पावसाळ्यात प्रालिनला लगेच पाणी सुटतं, तेव्हा तडक घट्ट झाकणाच्या बरणीत.

ओट्स १४० ग्रॅम, रोल्डच. इन्स्टंटचा पिठूळ लगदा होतो. तव्यावर कोरडेच पाचेक मिनिटं भाजा, खमंग वास सुटला की उतरवून पूर्ण गार करा.

अमूल बटरची १०० ग्रॅमची अख्खी वडी बोट रुतेल इतकी मऊ होऊ द्या, वितळवू नका. त्यात ९० ग्रॅम ब्राउन शुगर आणि ४० ग्रॅम साधी साखर घालून हलकं होईपर्यंत फेटा, मग एक अंडं. बटर खारट असतं, वेगळं मीठ नको. अंडं चालत नसेल तर तीन मोठे चमचे दूध. कुकी जरा घट्ट होते, पण होते. ब्राउन शुगरऐवजी गूळ घालू का, असं मला हमखास विचारतात. घाला की, पण मग चव गुळाचीच येणार, बटरस्कॉच मागे पडणार.

९० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर दालचिनी पूड चाळून मिसळा. शेवटी ओट्स आणि प्रालिन. गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवा. हे टाळलंत तर कुकीज पसरून पापडासारख्या होतील.

ओटीजीच्या (घरगुती छोट्या ओव्हनच्या) वरची-खालची दोन्ही कॉइल लावून १७० अंशांवर दहा मिनिटं तापवा. ट्रेवर बटर पेपर, त्यावर लिंबाएवढे गोळे, मध्ये तीन बोटं जागा, वरून किंचित दाबा. अठराएक होतात, दोन खेपांत भाजा. अकरा-बारा मिनिटांत कडा तांबूस होतात आणि मधला भाग कच्चा वाटतो. तेव्हाच बाहेर काढा. घरातलं कोणीतरी “अगं, मऊच आहेत अजून” म्हणेल, लक्ष देऊ नका. ट्रेवर दहा मिनिटांत त्या घट्ट होतात. कडेने साखर ओघळली असेल तर गरम असतानाच चमच्याने आत ढकला.

एवढ्या सगळ्या एकदम नको असतील तर उरलेले गोळे फ्रीझरमध्ये टाका. हवे तेव्हा तसेच गार भाजायचे, फक्त दोन मिनिटं जास्त.