बर्फ वितळला म्हणून वाफे लगेच उघडे करू नका

बर्फ वितळतो, दोन-चार दिवस ऊन पडतं आणि फुलं पिकवणारा माणूस दाताळं घेऊन वाफ्यात उतरतो. हिवाळ्यात अंथरलेला पालापाचोळा आणि पेंढा एका दुपारी ओढून बाहेर काढतो. वाफा कसा लख्ख दिसतो! मग आठवड्याभरात पारा पुन्हा शून्याखाली जातो आणि अख्खा हिवाळा तग धरलेली रोपं चार रात्रींत जातात. दरवर्षी हेच बघतोय. म्हणून छाटणी, खत वगैरे खाली थोडक्यात उरकलंय. आच्छादनाचं मात्र नीट वाचा.

उघडी, ओली माती दिवसा सैल होते आणि रात्री गोठते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. शिवाय गोठणारा थर खालचं पाणी वर ओढून घेतो आणि मातीत बर्फाच्या चकत्या धरतात. त्या रोपाला गड्ड्यासकट उचलतात. ऊन आलं की माती खाली बसते, रोप वरच राहतं. असं काही वेळा झालं की ह्यूकेरा, गेलार्डिया यांसारखी उथळ मुळांची रोपं बोटभर वर आलेली दिसतात आणि मुळं वाऱ्यावर सुकत असतात. पानगळीच्या सुमारास लावलेल्या रोपांना धोका सगळ्यात जास्त, कारण त्यांच्या मुळांनी अजून माती धरलेली नसते. ‘थंडीनं गेलं’ म्हणतात, पण उपटून पाहा, मुळं वाळून कोळ झालेली असतात.

तेव्हा थर एकदम काढू नका. खालची माती वितळली आणि कोंब दिसू लागले की वरचा निम्मा थर उचला. राहिलेला हातानं सैल करा, म्हणजे गड्डे कुजणार नाहीत. उरलेला आठ-दहा दिवसांनी, तोही हवामानाचा अंदाज बघून. काढलेला पाला लांब नेऊ नका, वाफ्याच्या कडेलाच ढीग ठेवा. रात्र शून्याखाली जाणार असं कळलं की संध्याकाळी दाताळ्यानं परत पसरता येतो. माझा एक ठोकताळा आहे, पुस्तकात सापडणार नाही: भिंतीच्या सावलीत बर्फाचा ढिगारा शिल्लक आहे तोवर शेवटच्या थराला हात लावायचा नाही.

ट्युलिप आणि डॅफोडिलच्या हिरव्या कोंबांची काळजी करत बसू नका, हलकी गोठण ते सोसतात. जाड थराखाली पिवळट, लांबुडके झालेले कोंब मात्र नाजूक असतात. ते ढगाळ दिवशी उघडे करा.

रोपं आधीच उचलली गेली असतील तर माती वितळल्यावर गड्डा दोन्ही हातांनी अलगद खाली दाबा. टाचेनं दाबू नका. आत जात नसेल तर बाजूनं कंपोस्ट मिसळलेली माती चढवा. पिओनीला मात्र भर बेतानं घाला. तिच्या डोळ्यांवर (मुळावरच्या कोंब फुटणाऱ्या गाठींवर) 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त माती झाली की पानं येतात, फूल येत नाही.

वापसा आल्याशिवाय, म्हणजे माती कामाजोगी कोरडी झाल्याशिवाय, वाफ्यात पाय टाकायचा नाही. मूठभर माती दाबून बोटानं टोचा. फुटली तर कामाला लागा, लाडूसारखी राहिली तर परत फिरा.

याच दिवसांत दुकानदार ‘मुळांचं टॉनिक’ आणि ‘थंडीरोधक फवारा’ गळ्यात मारतात. वर आलेलं मूळ बाटलीनं आत जात नाही, त्याला माती लागते. घाईनं नत्र दिलं तर कोवळी फूट येते, तीच आधी गोठते आणि राहिली तर मावा तिच्यावर बसतो. माती परीक्षण करून घ्या. कमतरता निघालीच तर 10:10:10 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) प्रति चौरस मीटर 50 ग्रॅम, तेही वाढ सुरू झाल्यावर. एरवी 2-3 सेंटीमीटर कंपोस्ट पुरतं.

बाकीची कामं:
- गुलाब: काडीवरचे डोळे फुगल्यावर छाटणी, काडीचा गाभा पांढरा-हिरवा दिसेपर्यंत.
- लायलॅक, फॉर्सिथिया: फुलं झाल्यावरच छाटणी.
- लॅव्हेंडर: जुन्या, निबर लाकडात कात्री नको.
- ॲस्टर, शेवंती: गड्डे आता विभागा.
- डॅफोडिल: फुलं झाल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत तशीच ठेवा.
- पोकळ जुने दांडे: 30-40 सेंटीमीटर ठेवून कापा, त्यांत रानटी मधमाश्या घर करतात.
- गोगलगायी: फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या, प्रति चौरस मीटर 5 ग्रॅम.
- रस्त्याकडेचे वाफे: बर्फावर टाकलेलं मीठ भरपूर पाण्यानं धुऊन काढा.
- प्लॅटिकोडॉन (बलून फ्लॉवर): उशिरा उगवतो, मेला समजून उकरू नका.

झेंडू, झिनिया यांची रोपं शेवटची गोठण टळेपर्यंत बाहेर लावू नका. आधी आठवडा-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून काटक करा. पॅन्सीला एवढे लाड लागत नाहीत.

आणि संध्याकाळी वारा पडला, आभाळ निरभ्र असलं तर रेडिओ काहीही सांगो, सूर्य मावळायच्या आत नव्या फुटीवर जुन्या चादरी घाला. कडा जमिनीला टेकवा, दगड ठेवा. माती कोरडी असेल तर दुपारीच पाणी द्या, ओली माती ऊब जास्त धरते. प्लॅस्टिक पानांना चिकटेल असं घालू नका, चिकटलेलं पान तिथंच गोठतं. सकाळी पारा शून्याच्या वर चढला की चादरी काढा.