कॅज्युअल्टीत नव्याने रुजू झालात? या चुका टाळा

गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) उरकली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फवारण्यांना जोर चढतो, आणि घराघरांत कीटकनाशकाच्या बाटल्या हाताशी असतात. पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरीहून सर्पदंशाचे रुग्ण येतात. नाशिकच्या कॅज्युअल्टीत हे दोन रुग्ण ठरलेले, आणि त्यांच्याबाबतीतल्या चुकाही ठरलेल्या.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे छातीला स्टेथोस्कोप न लावता ॲट्रोपीन (कीटकनाशकाच्या विषावरचं औषध) थांबवणं. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक प्यायलेला तरुण येतो. तोंडाला फेस, छातीत घरघर, नाडी ५०. ०.६ मिलिग्रॅमच्या ५ अँप्युल शिरेतून जातात. नाडी ११० वर गेली की केसपेपरवर ‘सुधारणा’ लिहून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. पण नाडी ऑक्सिजन कमी पडल्यानेही वाढते! स्राव फुप्फुसात साचत राहतात, रक्तातला ऑक्सिजन (सॅचुरेशन) घसरतो आणि शेवटी धावपळीत श्वासनलिकेत ट्यूब टाकावी लागते. हे टाळता येतं. दर ५ मिनिटांनी छाती ऐका. ओली असेल, म्हणजे घरघर चालू असेल, तर डोस दुप्पट करा. ३, मग ६, मग १२ मिलिग्रॅम, म्हणजे तिसऱ्या डोसपर्यंत ३५ अँप्युल संपतात. म्हणून ड्युटी सुरू होतानाच साठा मोजावा. छाती कोरडी, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, हे साधलं की लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून चालू ठेवा. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत ॲट्रोपीन ओतत राहणं ही उलट बाजूची चूक. ताप, बडबड, पोटातले आवाज बंद ही अतिरेकाची लक्षणं.

बेशुद्ध रुग्णाचा श्वासमार्ग सुरक्षित न करता पोट धुऊ नका. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, हातमोजे घाला.

सर्पदंशात घोळ होतो तो रक्त गोठतं का हे बघणाऱ्या २० मिनिटांच्या चाचणीत. २ मिलिलिटर ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन अजिबात न हलवता ठेवायचं आणि २० मिनिटांनी एकदाच तिरपं करायचं. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चुकीचं उत्तर देते. दहाव्या मिनिटाला हलवून बघणाऱ्यांनी चाचणी न केलेलीच बरी. ज्याला २० मिनिटं नळीला हात न लावता थांबता येत नाही, त्याने दुसऱ्याला घड्याळ सोपवावं. गोठलं तरी पहिले ३ तास दर अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. रक्त गोठलं नाही किंवा विषबाधेची इतर लक्षणं दिसली तर प्रतिविषाच्या १० व्हायल तासाभरात द्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. आधी टेस्ट डोस नको, पण रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनलिन भरून हाताशी हवं. पुढची गोठण-चाचणी ६ तासांनी. यकृताला रक्त गोठवणारे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो.

मण्याराचा दंश बहुतेकदा दिसतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणत आला, तर पापण्या खाली आल्यात का ते आधी बघा.

दंशाच्या वर करकचून बांधलेली दोरी एका झटक्यात सोडू नका. आधी शिरेत लाइन, श्वासाची तयारी आणि प्रतिविष हाताशी.

छातीत दुखणाऱ्याला ॲसिडिटीचं इंजेक्शन देण्याआधी १० मिनिटांत ईसीजी.

बेशुद्ध रुग्ण कोणताही असो, पहिल्या मिनिटात बोटातलं रक्त घेऊन साखर तपासा.