हलणारी पायरी: वरून सिमेंट थापू नका

दारातल्या दगडी पायरीवर पाय ठेवला की ‘टक’ वाजतं? फटीत वरून सिमेंट भरून भागत नाही, एका पावसात ते निघून येतं. दगड सब्बलीने पूर्ण उचला. खालचा जुना मसाला छन्नीने खरवडा, माती झाडा, दगडाची पाठ आणि खालची जागा, दोन्ही ओलं करा. एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली कन्हान नदीची रेती. मसाला घट्टच हवा. दगडाच्या पाठीला सिमेंटचा घोळ लावून बसवा, लाकडी ठोकळ्याने ठोका, पुढे किंचित उतार ठेवा. नागपुरात मे महिन्यात हे काम दुपारी काढूच नका. पारा 45 च्या आसपास, मसाला पकडण्याआधीच सुकतो. संध्याकाळी बसवा, ओलं पोतं टाका, 7 दिवस पाणी मारा. पहिले दोन दिवस आडवी फळी लावा. आमच्याकडे पहाटे दूधवालाच चढला होता.