हात लाव गं: रोज शास्त्र कसं वाचावं आणि ओझं कसं सांगावं

पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, एक वही, पेन आणि रोजची अर्ध्या तासाची जागा तुमच्याकडे आहे असं धरून चालते. वेळ पहाटेचीच हवी असा हट्ट नको. सोलापुरात नळाला पाणी यायचा दिवस असला की घागरी भरण्यापुढे दुसरं काही सुचत नाही. त्या दिवशी मी दुपारी जेवणं आटोपून बसते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका.

काय वाचायचं? बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचे अध्याय 31 आहेत, तेव्हा जी तारीख तो अध्याय. जोडीला ‘स्तोत्रसंहिता’ या पुस्तकातलं एक स्तोत्र. स्तोत्रं 150, म्हणजे पाच महिने निघतात. मग मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे मार्काने सांगितलेली येशूची कथा घ्या, 16 अध्यायांत संपतं.

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी, असं कुणी शिकवलं असेल तर ते सोडून द्या. मुलीचं स्थळ, नोकरीचा राजीनामा असे निर्णय या पद्धतीने घेऊन पस्तावलेली माणसं मी पाहिली आहेत. वचन म्हणजे कौल नव्हे. अख्खा अध्याय वाचा, कोण कुणाला आणि कोणत्या प्रसंगी बोलतंय ते बघा, आणि वहीत एकच ओळ लिहा: आज मी काय करणार. ‘विश्वास वाढवायचा’ असं लिहू नका, त्याने काही होत नाही. ‘जावेला फोन करायचा’ असं लिहा.

इथवर सोपं आहे. अवघड आहे ते ओझं दुसऱ्याला सांगणं. मला ते जमायला फार वर्षं लागली.

बायबलमधल्या पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, दुसऱ्या वचनात, एकमेकांची ओझी वाहा म्हटलंय. तीनच वचनं पुढे गेलं की पाचव्यात प्रत्येकाने आपापला भार वाहावा म्हटलंय. मग खरं काय? मूळ ग्रीकमध्ये शब्दच दोन आहेत. दुसऱ्या वचनातला ‘बारोस’ म्हणजे माणूस दबून जाईल असं वजन. पाचव्यातला ‘फोर्तिऑन’ म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा बोजा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात येशू आपलं ओझं हलकं आहे म्हणतो, तिथेही हाच शब्द आहे. हे वाचलं आणि मला माझी आई आठवली. सरपणाची मोळी बांधून झाली की ती डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि वाटेने जाणाऱ्या कुणालाही हाक मारायची, “हात लाव गं बाई.” मोळी उचलायला दोघी लागायच्या. एकदा डोक्यावर चढली की घरापर्यंत आई एकटी चालायची.

मी मात्र दोन वर्षं हाक मारलीच नाही. दर आठवड्याच्या प्रार्थना सभेत म्हणायचे, “घरात अडचण आहे, प्रार्थना करा.” सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली. पण अडचण कसली हेच कुणाला ठाऊक नव्हतं, तर हात लावणार कुठे? माझ्या मुलाने यंत्रमागासाठी सावकाराकडून 40,000 रुपये घेतले होते, तेही घरात न सांगता. शेवटी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका वयस्क बाईंना, ज्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो, मी सांगितलं. आकडा तोंडातून निघेना, घसा कोरडा पडला. अक्कांनी वचन सांगितलं नाही. “कागद कुठं ठेवलेस?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याबरोबर बसल्या आणि सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे लावून दिल्या. मग प्रार्थना केली. मुलाशी बोलायचं काम मात्र माझंच होतं, ते मीच केलं. कर्ज फिटायला पुढे 14 महिने लागले.

म्हणून सांगते, मोघम बोलू नका. रक्कम असेल तर रक्कम सांगा, आजार असेल तर आजाराचं नाव सांगा, आणि समोरच्याने काय करावं तेही सांगा. एकाच माणसाला सांगा. तो कसा ओळखायचा? ज्याने दुसऱ्या कुणाचं गुपित तुमच्याजवळ कधीच उघड केलं नाही, तो. “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं” अशी सुरुवात करून जो शेजारच्या घरातलं सांगतो, तो तुमचंही सांगेल. आणि दुसऱ्याच्या दुःखाचा प्रार्थना विषय त्याला न विचारता व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कधीही टाकू नका. यात मी कुणाचीही गय करत नाही.

ऐकणाऱ्याचं काम याहून कठीण. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. नीतिसूत्रांच्या 25व्या अध्यायात म्हटलंय की खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसांत त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं. चादरींच्या गावातल्या माणसांना हे निराळं समजवायला नको. तान्हं मूल गेलेल्या एका घरी मी पहिल्याच दिवशी ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे वचन म्हटलं होतं. ती आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. ते डोळे मी विसरलेले नाही. पहिल्या दिवशी भाकरी घेऊन जा, भांडी घासा, गप्प बसा.

सगळ्यांचं सगळं आपणच उचलायला जाऊ नका. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे, त्यालासुद्धा लोकांचा भार एकट्याला झेपेना, तेव्हा देवाने 70 वडीलजनांना त्याचे वाटेकरी केलं. एका वेळी एक, फार तर दोन घरं धरा. नवरा मारतो असं कुणी सांगितलं, किंवा जगणं नको झालंय म्हणालं, तर नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका. पोलिसांकडे किंवा डॉक्टरांकडे तिच्याबरोबर स्वतः जा.

ऐकलेलं वहीत लिहू नका, वही कुणाच्याही हाती पडते. फक्त तारखेपुढे एक खूण करा आणि आठ दिवसांनी जिने सांगितलं तिच्या घरी जा. “कशी आहेस?” असं विचारू नका. “त्या पावत्यांचं काय झालं?” असं विचारा.